कर्ज ‘उत्कृष्ट’ म्हणणारी मराठी आम्हाला नको!



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. जुन्या बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या एका मराठी घरातल्या आजी आपल्याच लोकांनी चालवलेल्या एका पतपेढीच्या खिडकीशी उभ्या होत्या. नातवाच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता भरून झाला, मशीनने चिठ्ठी दिली. पतपेढीचे कामकाज नुकतेच ‘संपूर्ण मराठीत’ आले होते, त्यामुळे चिठ्ठीही मराठीत होती. आजींनी चष्मा पुसून वाचले : ‘कर्ज – उत्कृष्ट – रु. १८,४००’. आजी समाधानाने घरी गेल्या. ज्या कर्जाला खुद्द पतपेढी उत्कृष्ट म्हणते, त्याची काळजी कशाला करायची? पुढचे तीन महिने हप्ता गेला नाही. फेब्रुवारीत दंडव्याजाचा कागद घरी आला, तेव्हा आजी सुनेला म्हणाल्या, “अगं, पण त्यांनीच तर उत्कृष्ट म्हणून लिहून दिलंय!”

आम्ही बँकेत कारकुनी करतो. बी. कॉम. झालो, खिडकीला बसलो आणि त्याच खिडकीच्या आत केस पांढरे होऊ लागले. त्यामुळे घोटाळा काय झाला हे आम्हाला तो कागद पाहताच कळले. इंग्रजीत ‘आउटस्टँडिंग’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो आला तर ‘उत्कृष्ट’, कर्जाच्या खात्यात आला तर ‘थकीत’, ‘येणे बाकी’. भाषांतर करणाऱ्या मुलीला पहिला माहीत होता, दुसरा नव्हता. तिला कोणी सांगितलेही नव्हते. तिच्या यादीत ‘प्रिन्सिपल’चे ‘प्राचार्य’ झाले होते, मुद्दल नव्हे. ‘मॅच्युरिटी’ची ‘परिपक्वता’ झाली होती, मुदतपूर्ती नव्हे. ‘ड्राफ्ट’चा ‘मसुदा’ झाला होता. मुलगी हुशार आहे, घरात चोख मराठी बोलते, एक पैसा न घेता तिने सुट्ट्या खर्ची घातल्या. तिला दोष देणाऱ्यांना आम्ही विचारतो : तुम्हाला संदर्भ तोडलेले सहाशे सुटे शब्द हातात दिले असते, तर तुम्ही काय दिवे लावले असते?

पतपेढीचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. दंडव्याज तिने माफ केले, आजींची क्षमाही मागितली. प्रश्न एका पतपेढीचा नाहीच. प्रश्न असा आहे की ‘मराठीत करा’ असा ठराव झाला, टाळ्या झाल्या, नारळ फुटला आणि त्यानंतर ते मराठीत नेमके कसे आले याकडे एकाही मोठ्या माणसाने ढुंकून पाहिले नाही. आम्ही पाहिले. जे दिसले ते आज येथे मांडतो. विषय थोडा यंत्राचा आहे, पण हिशेब समजणाऱ्या कोणालाही समजेल असा आहे. जोड-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही.

संदेश बाहेर काढायचे म्हणजे काय?

पतपेढीचा प्रोग्रॅम ‘सी’ या संगणकभाषेत लिहिलेला आहे. लिहिणारा आपलाच एक तरुण अभियंता. कचेरीतला मुख्य संगणक लिनक्सवर चालतो, खिडकीवरची मशीने विंडोजवर. दोन्हीकडे तोच प्रोग्रॅम. त्यात पडद्यावर उमटणारी वाक्ये, म्हणजे ‘खाते बंद आहे’, ‘रक्कम अपुरी आहे’ वगैरे, मूळ लिखाणात इंग्रजीत पेरलेली होती. ती मराठीत आणायची तर आधी ती सगळी वेचून एका यादीत काढावी लागतात. यादीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी जागा. ती जागा भाषांतर करणाऱ्याने भरायची.

हे काम करण्याची एक चांगली, फुकट आणि खुली पद्धत गेली तीस वर्षे जगात आहे. तिचे नाव ‘गेटटेक्स्ट’. मूळ कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सकडची. ग्नू प्रकल्पासाठी उलरिश ड्रेपर यांनी ती १९९५ मध्ये नव्याने लिहिली. पद्धत साधी : प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ज्या वाक्याचे भाषांतर व्हायला हवे त्याच्याभोवती एक छोटी खूण करायची, एक अधोरेषा आणि कंस. मग ‘एक्सगेटटेक्स्ट’ नावाचे साधन मूळ लिखाण वाचते, खूण केलेली वाक्ये वेचते, ती कोणत्या फायलीत कितव्या ओळीवर आहेत ते लिहिते आणि वाक्याच्या वर भाषांतरकारासाठी काही टीप लिहिलेली असेल तर सांगितल्यास तीही सोबत आणते. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी. मराठीची वेगळी, गुजरातीची वेगळी, हिंदीची वेगळी. कोणी कोणाची जागा घेत नाही, कोणी कोणाच्या पानावर लिहीत नाही. गुजरातेत राहून मराठी मागितली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. शेजाऱ्याच्या ताटातले काढून आमच्या ताटात वाढा, असे आम्ही म्हणत नाही. येथे ताटे हवी तितकी मांडता येतात.

आमच्या अभियंत्याने खुणा केल्या होत्या. इथवर सगळे ठीक. घात झाला तो यादी काढताना. त्याने एक्सगेटटेक्स्ट वापरले नाही. त्याने जवळची वाट धरली आणि यादी प्रीप्रोसेसरकडून काढली.

प्रीप्रोसेसर नावाचा चिटणीस

आता हा प्रीप्रोसेसर कोण? ‘सी’मधले लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी त्याची एक स्वच्छ प्रत काढली जाते. ती काढणारा चिटणीस म्हणजे प्रीप्रोसेसर. तो चार कामे करतो. ‘अमुक फाइल येथे जोडा’ म्हटले असेल तेथे ती संपूर्ण फाइल आणून चिकटवतो. संक्षेप असतील तेथे पूर्ण मजकूर घालतो. ‘विंडोज असेल तर हे, लिनक्स असेल तर ते’ असे लिहिले असेल तेथे, ज्या यंत्रावर काम चालले आहे त्याचे तेवढे ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. आणि माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा पुसून टाकतो. त्या यंत्राच्या उपयोगाच्या नसतात.

अभियंत्याचा युक्तिवाद ऐकायला गोड होता. खुणेची अधोरेषा हाही शेवटी प्रीप्रोसेसरचाच एक संक्षेप आहे. मग त्या संक्षेपाच्या जागी एखादा ठळक शब्द घालायला सांगायचे, चिटणिसाकडून स्वच्छ प्रत काढून घ्यायची आणि तो ठळक शब्द जेथे जेथे दिसेल तेथली वाक्ये उचलायची. वेगळे साधन शिकायला नको. शिवाय संक्षेपांच्या पोटात दडलेली वाक्येही आपसूक उघडी पडतात.

युक्तिवाद चुकीचा नाही, अपुरा आहे. तो कुठे अपुरा पडला ते आम्ही आजींच्या चिठ्ठीवरून सांगू शकतो. मूळ लिखाणात ‘आउटस्टँडिंग’ या शब्दाच्या डोक्यावर त्याच अभियंत्याने स्वतःच्या हाताने टीप लिहिलेली आहे : ‘थकीत रक्कम, व्याजासह. कर्जखात्यासाठी.’ आम्ही ती डोळ्यांनी पाहिली. ती टीप चिटणिसाने पुसली. भाषांतर करणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचला तो एकटा, बोडका शब्द. ज्याने लिहिले त्याला अर्थ माहीत होता, त्याने तो लिहूनही ठेवला होता, आणि तरीही तो ज्याला हवा होता त्याला मिळाला नाही. याला भाषांतराची चूक म्हणत नाहीत. याला टपालातली चोरी म्हणतात!

टिपा राखून ठेवायला प्रीप्रोसेसरला सांगता येते, असे अभियंत्याने आम्हाला नंतर सुनावले. येते. पण मग जोडून आणलेल्या प्रत्येक फाइलमधल्या जगभरच्या टिपाही त्याच प्रतीत ओतल्या जातात आणि आपली कोणती, परकी कोणती हे निवडत बसावे लागते. गवताच्या गंजीत सुई होती ती होतीच. वर आणखी गवत आले.

खिडकीवरची दुसरी गोष्ट

टिपांचे सोडा. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, कारण ती पैशाची आहे. अभियंत्याने यादी काढली ती कचेरीतल्या लिनक्सच्या संगणकावर. त्यामुळे ‘विंडोज असेल तर’ या सदराखाली लिहिलेली सगळी वाक्ये चिटणिसाने गाळली. आणि खिडकीवरची मशीने तर विंडोजची! पासबुकाच्या छपाईची सगळी वाक्ये नेमकी त्याच सदरात होती.

पुढे काय झाले ते ऐका. खिडकीवर बसणारा मुलगा मराठी-गुजराती उत्तम वाचतो, इंग्रजी जेमतेम. महिनाभर सगळे मराठीत वाचून त्याची नजर मराठीला सरावली. एके दिवशी छपाईयंत्रात कागद अडकला आणि पडद्यावर एकदम इंग्रजी वाक्य आले. त्याचा अर्थ होता : नोंद झाली आहे, फक्त छपाई झालेली नाही, पुन्हा नोंद करू नका. मुलाला वाटले, काही तरी बिघडले, नोंद झालीच नाही. त्याने पुन्हा नोंद केली. संध्याकाळी रोकड जुळेना. एकाच भरण्याच्या दोन नोंदी सापडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. ज्यांनी कधी रोकड जुळवली आहे त्यांनाच त्या नऊ वाजण्याचा अर्थ कळेल.

येथे एक गोष्ट वाचकांनी मनावर कोरून ठेवावी. गेटटेक्स्टला एखाद्या वाक्याचे मराठी सापडले नाही तर तो अडत नाही, ओरडत नाही, घंटा वाजवत नाही. तो मुकाट्याने मूळ इंग्रजी वाक्य दाखवतो. प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जे गळले ते गळल्याचे कोणालाच कळत नाही. मराठीची अनुपस्थिती कधी तक्रार करत नाही. ती तक्रार माणसालाच करावी लागते. आमच्या घरांतूनही मराठी अशीच गळत गेली, आवाज न करता, एकेक वाक्य. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरातही तेच झाले आहे.

ताळमेळ घातला तेव्हा

आरोप करून मोकळे व्हायचे हा कारकुनाचा धर्म नव्हे. आम्ही दोन रविवार बसलो. त्याच सोर्सवर एक्सगेटटेक्स्ट चालवून दुसरी यादी काढली आणि बँकेच्या पासबुकाचा आपल्या वहीशी घालतात तसा दोन याद्यांचा ताळमेळ घातला. प्रीप्रोसेसरच्या यादीत ५७१ संदेश. एक्सगेटटेक्स्टच्या यादीत ६१४. पहिल्या यादीत नसलेले ५२ संदेश दुसरीत होते. जवळजवळ सगळे विंडोजच्या सदरातले, काही चाचणीच्या सदरातले. एक्सगेटटेक्स्ट हे ‘असेल तर, नसेल तर’ तपासतच नाही. ते सगळ्या फांद्या सरळ वाचून काढते, म्हणून त्याला ते सापडले.

पण वाचकहो, ६१४ मधून ५२ वजा केले तर ५६२ उरतात. यादीत तर ५७१. म्हणजे प्रीप्रोसेसरकडे ९ संदेश असे होते की जे एक्सगेटटेक्स्टला दिसलेच नाहीत. ही रक्कम आम्ही लपवणार नाही. तो अभियंता येथे बरोबर होता.

ते ९ पाहिले. काही ठिकाणी त्याने चुकांसाठी स्वतःचा एक संक्षेप केला होता आणि खूण त्या संक्षेपाच्या पोटात होती. वरवर वाचणाऱ्याला ती दिसत नाही, प्रीप्रोसेसर संक्षेप उलगडतो म्हणून त्याला दिसते. यावर उपाय एका शब्दाचा आहे. एक्सगेटटेक्स्टला त्या संक्षेपाचे नाव खूण म्हणून सांगायचे, की ते संदेशही वेचले जातात. बाकीच्या ठिकाणी त्याने वाक्यच तुकड्यांतून जोडले होते. ‘डिलीटेड’ हा तुकडा एकदाच लिहायचा आणि त्याच्यापुढे कधी खाते, कधी नोंद, कधी हप्ता असे शब्द संक्षेपातून जोडायचे. इंग्रजीत चालून जाते. मराठीत नोंद रद्द केली, खाते रद्द केले, हप्ता रद्द केला. तीन लिंगे, तीन रूपे. प्रीप्रोसेसरने तुकडे जोडून तीन पूर्ण वाक्ये दिली हे खरे, पण उद्या हाच तुकडा प्रोग्रॅम चालू असताना जोडला गेला, ज्या जागी ते लोक ‘टक्का-एस’ लिहितात, तर प्रीप्रोसेसरही हात टेकेल. मूळ दोष यादी काढण्याच्या पद्धतीत नाही, तुकड्यांत लिहिण्याच्या सवयीत आहे. पूर्ण वाक्य पूर्णच लिहा. तीन वाक्ये असतील तर तीन लिहा. चार अक्षरे वाचवण्यासाठी आमच्या भाषेचे लिंग, वचन आणि विभक्ती मोडू नका.

कोणी म्हणेल, प्रीप्रोसेसर दोन्ही मशीनवर चालवून दोन याद्या एकत्र करा, झाले! आज दोन मशीने आहेत. पण ‘असेल तर, नसेल तर’चे स्विच प्रोग्रॅममध्ये वाढतच जातात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच स्विच असले तर त्यांच्या ३२ तऱ्हा होतात. दर वेळी ३२ प्रती काढणार आहात काय? आणि त्या काढल्या तरी पुसलेल्या टिपा परत येणार नाहीत.

हत्यार जुने, हेतू निराळा

हा वाद नवा नाही. सोर्समधून वाक्ये बाहेर काढायची साधने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्कलेच्या युनिक्समध्ये होतीच. बिल जॉय यांचे ‘एमकेएसटीआर’ हे चुकांचे संदेश सोर्समधून उपसून वेगळ्या फाइलमध्ये टाकत असे. ‘एक्सएसटीआर’ नावाचे दुसरे साधन तर प्रीप्रोसेसरने काढलेली प्रतच वाचायला घेई. पण ते भाषांतरासाठी नव्हते. त्या काळी संगणकाची मेमरी चिमूटभर, ती वाचावी म्हणून वाक्ये बाहेर काढत. वाचणारे यंत्रच होते, म्हणून यंत्राने चघळलेली प्रत चालत होती. आता वाचणारा माणूस आहे. त्याला टीप हवी, संदर्भ हवा, सगळ्या फांद्या हव्यात. हेतू बदलला तर रीत बदलायला नको काय? न्हाव्याचा वस्तरा घेऊन भाजी चिरायला बसलात आणि बोट कापले, तर वस्तऱ्याला कशाला शिव्या देता?

आणि बडोदेकरांना तर हे कोणी शिकवायलाच नको. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. आपल्याच नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द एका ओळीत, त्यांत मराठीही आणि गुजरातीही. ज्या शहराने असा कोश काढला, त्या शहरात २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आम्हीही मांडवात होतो, अभिमानाने ऊर भरून आला होता. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले, आम्हीही दोन खाल्ले. पण त्याच शहरात, त्याच भाषेत, थकीत कर्ज उत्कृष्ट ठरते आणि वर्षभर कोणाला त्याचा पत्ता नसतो. मग त्या पेढ्यांची चव जिभेवर किती दिवस टिकणार?

तीन आक्षेप, तीन उत्तरे

पहिला आक्षेप : आता यंत्रच भाषांतर करते, यादी त्याच्या तोंडात टाका की मोकळे. जरूर टाका. पण टीप पुसलेला एकटा शब्द यंत्राच्या तोंडात टाकलात, तर यंत्रालाही तोच प्रश्न पडणार जो त्या मुलीला पडला. उलट टीप सोबत असेल, पूर्ण वाक्य असेल, तर यंत्राचेही काम सुधारते आणि माणसाचेही. तपासणारा माणूस लागतोच. बँकेत मोजणीयंत्र आले म्हणून नोटांवरची सही कोणी काढून टाकली नाही.

दुसरा आक्षेप : खुणा करत, टिपा लिहीत, ताळमेळ घालत बसायला वेळ कोणाला आहे? वेळ नाही हे आम्हाला पटत नाही. त्या रात्री नऊ वाजेपर्यंत रोकड जुळवायला तिघांना वेळ मिळाला. आजींच्या घरी जाऊन क्षमा मागायला दोन संचालकांना वेळ मिळाला. चूक निस्तरायला वेळ असतो, चूक टाळायला नसतो, ही आपली जुनी रीत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत घातक : इंग्रजी सगळ्यांना येते, कशाला हा खटाटोप? येते ना, ज्यांना येते त्यांना येते. पण पतपेढीच्या खिडकीशी कोण येते ते एकदा उभे राहून पाहा. पेन्शनीतून दोन हजार बाजूला टाकणाऱ्या आजी येतात. दुकान सांभाळणारे काका येतात. त्यांचे पैसे त्यांना कळणाऱ्या भाषेत मोजले जावेत, ही मेहरबानीची मागणी नव्हे. तो व्यवहाराचा पहिला नियम आहे. ज्याला आपली शिल्लक वाचता येत नाही, त्याचे खाते त्याचे असूनही त्याच्या ताब्यात नसते.

मग करायचे काय?

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. यादी माणसाने लिहिलेल्या मूळ लिखाणातून काढा, यंत्राने गाळलेल्या प्रतीतून नको. आणि प्रीप्रोसेसरला कारकुनाच्या खुर्चीवर न बसवता लेखापरीक्षकाच्या खुर्चीवर बसवा. त्याची तीच जागा आहे. वर्षाची वही कारकून लिहितो, परीक्षक येऊन तपासतो. परीक्षकानेच वही लिहिली तर तपासायचे कोणी?

आपल्या संस्थांत जेथे जेथे असे प्रोग्रॅम आहेत तेथे आम्ही पुढील गोष्टी मागतो. प्रत्येक संदेशावर खूण आणि ज्या शब्दाला दोन अर्थ निघू शकतात त्याच्या डोक्यावर टीप, ती लिहिणाऱ्यानेच लिहायची. तुकड्यांची वाक्ये बंद. यादी एक्सगेटटेक्स्टने काढायची, टिपांसकट. नवी आवृत्ती आली की कचेरीच्या आणि खिडकीच्या दोन्ही मशीनवर प्रीप्रोसेसरची यादी काढून मूळ यादीशी ताळमेळ घालायचा आणि फरकाची रक्कम शून्य होईपर्यंत उठायचे नाही. गेटटेक्स्टच्या संचात किती संदेशांचे भाषांतर झाले, किती शंकास्पद आहेत, किती राहिले हे मोजून सांगणारे साधन आहे. तो आकडा दर महिन्याला सूचनाफलकावर लावायचा, ताळेबंद लावतात तसा.

आणि शेवटची मागणी संस्थेकडे नाही, तुमच्याकडे आहे. ठराव मांडणारे आपल्यात पुष्कळ आहेत, अनुमोदन देणारे त्याहून पुष्कळ. आम्हाला पाच माणसे हवीत. संगणक येण्याची अट नाही. ज्यांना मुद्दल आणि व्याज, येणे आणि देणे, थकीत आणि फिटलेले यांतला फरक अचूक कळतो अशी निवृत्त बँकवाली, शाळामास्तर, पोस्टमास्तर, दुकानदार मंडळी हवीत. रविवारी सकाळी दोन तास, चहा आमच्याकडून. ती मुलगी रुसली नाही. यादी घेऊन ती आजही यायला तयार आहे. अभियंताही येणार आहे. आमच्याशी तासभर भांडला, पण जाताना म्हणाला, “काका, ते ९ मात्र तुम्ही मान्य केलेत.” केलेच. हिशेबात आपली बाजू आणि त्यांची बाजू असे काही नसते. जुळले की नाही एवढेच असते.

त्या ५२ संदेशांचे भाषांतर आता झाले आहे. ‘नोंद झाली आहे, छपाई झालेली नाही, पुन्हा नोंद करू नका’ हे वाक्य खिडकीवरच्या पडद्यावर मराठीत येते. आजींच्या नव्या चिठ्ठीवर ‘थकीत बाकी’ असे छापून येते. परवा त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आधीचं वाचायला बरं वाटायचं रे बाबा. पण हे खरं आहे.”

खरे आहे तेच मराठीत हवे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या खोलीत भेटू.